मेंग साहेबांच्या गैरहजेरीचे योगदान

ज्या संस्थेत सर्वांचे एकमत असते त्या संस्थेची प्रगती खुंटते, याबद्दल जगातल्या सर्व तज्ज्ञांचे एकमत आहे.

हे एकमत सोल शहरात पोचायला जरा उशीर झाला, पण पोचलं ते थेट बोरीबात चिकन कंपनीचे अध्यक्ष क्वाक यांच्या कानात. क्वाक साहेब एका परिषदेला गेले होते. (परिषद चेजू बेटावर होती. समुद्रकिनारी ज्ञान लवकर पसरतं.) तिथे एका वक्त्यानं पडद्यावर दाखवलं की, एका साच्यातली माणसं घेऊन बसलेल्या कंपन्यांपेक्षा नाना तऱ्हेची माणसं बाळगणाऱ्या कंपन्या चौतीस टक्के जास्त नवनिर्मिती करतात. चौतीस टक्के कशाच्या, हे विचारावं असं क्वाक साहेबांच्या मनात आलं होतं. पण सभागृहात दुसऱ्या कोणी हात वर केला नाही, म्हणून त्यांनीही केला नाही.

नवनिर्मितीची गरज होतीच. तळलेल्या कोंबडीचा धंदा म्हणजे काही पोरखेळ नव्हे. नुसत्या मेंग साहेबांच्या घरापासून बसथांब्यापर्यंत चिकनची सतरा दुकानं होती, आणि मधे दोन औषधाची दुकानं, ती या सतरांच्या जिवावर चालायची. एकानं मध लावला की दुसरा लोणी लावतो, दुसऱ्यानं लोणी लावलं की तिसरा चीजचा पाऊस पाडतो, आणि चौथा 'आमच्याकडे काहीच लावत नाही' म्हणून जास्त पैसे घेतो. बोरीबात कंपनीचं सोया-लसूण चिकन एके काळी लोक रांग लावून खात. आता रांग समोरच्या कंपनीच्या दारात असायची, आणि आपली माणसंसुद्धा तोंड लपवून तिथेच उभी असायची.

मेंग साहेब, म्हणजे मेंग दु-सिक, हे या कंपनीच्या नवचव विभागाचे प्रमुख. वय एक्कावन्न. सोलच्या कंपन्यांत हे वय फार नाजूक. डिसेंबरात नव्या संचालकांची यादी लागते. यादीत नाव आलं तर माणसाला गाडी, स्वतंत्र खोली आणि आणखी काही वर्षांचं आयुष्य मिळतं. नाही आलं तर सन्माननिवृत्ती मिळते. सन्मान किती आणि निवृत्ती किती हे प्रमाण कंपनीगणिक वेगळं, पण पुढची पायरी सगळ्यांची एकच: माणूस हातात आलेल्या पैशातून चिकनचं दुकान काढतो. बँकवाला काढतो, जहाजं बांधणारा काढतो, संगणकवालाही काढतो. शिक्षण कुठल्याही शाखेचं असो, शेवट तेलातच.

इतरांना दुकान काढल्यावर पुढे काय होतं ते दुकान काढल्यावर कळतं. मेंग साहेबांना आधीपासून ठाऊक होतं, ही त्यांची खरी अडचण. नवचव विभागात येण्यापूर्वी ते विस्तार विभागात होते आणि निवृत्तांना दुकान काढायला लावणारी कंपनीची माहितीपुस्तिका त्यांनीच लिहिली होती. तिच्या मुखपृष्ठावर एक हसरं वयस्कर जोडपं (जोडपं एकमेकांचं नव्हतं) आणि खाली ठळक अक्षरात मेंग साहेबांचं वाक्य: 'तेल तापलंय, आता मागे वळून पाहू नका!' आत सगळं होतं. टेबलांची मांडणी होती, दिव्यांचा रंग होता, हसायचं कसं तेही होतं. असं दुकान सरासरी तीन वर्षं जगतं, एवढंच काय ते जागेअभावी राहून गेलं होतं.

नव्या दुकानाच्या उद्घाटनाला कंपनीतर्फे फुलांचा उंच गुच्छ जाई. दुकान बंद होताना जायची पद्धत नव्हती. मेंग साहेब एकदाच चुकून गेले. सुवोन शहरातला तो दुकानदार आधी बँकेत व्यवस्थापक होता. त्यानं शटर ओढण्याआधी शेवटची कोंबडी तळली, डब्यात भरून मेंग साहेबांच्या हातात दिली आणि पैसे घ्यायला नको म्हणाला. पुस्तिका फार छान लिहिली होती हो तुम्ही, असंही म्हणाला, आणि त्यात कुठेही टोमणा नव्हता. ती कोंबडी मेंग साहेबांच्या घशाखाली उतरली नाही. तेव्हापासून डिसेंबर जवळ आला की त्यांना तळणाच्या वासानं मळमळायचं. नवचव विभागाच्या प्रमुखाला हे परवडणारं नव्हतं. यंदाच्या यादीत नाव लागलंच पाहिजे, नाहीतर आपलीच पुस्तिका आपल्याच हातात, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

अशा वेळी अध्यक्षांचं परिपत्रक आलं. 'प्रत्येक विभागाने आपल्या गटात जास्तीत जास्त विविधता आणावी. ही विविधता सर्व विभागांत एकसारखी असावी.'

अंमलबजावणी मनुष्यबळ विभागाच्या बान बाईंकडे होती. बान बाई कर्तव्यदक्ष. त्यांनी आठवडाभरात गुणपत्रक तयार केलं. स्त्री असल्यास पंधरा गुण. परदेशी असल्यास वीस. साठीच्या पुढे असल्यास दहा. डावखुरे असल्यास पाच. शाकाहारी असल्यास बारा. (चिकनच्या कंपनीत शाकाहारी माणसाला दोन कमी द्यावेत की दोन जास्त, यावर समितीत मतभेद व्हायला आले होते, पण सर्वांनी समजुतीनं घेतलं.) दारू न पिणाऱ्यास दहा. विचार वेगळे असल्यास किती, असं एका नवख्या कारकुनानं विचारलं. विचार मोजायची सोय नसल्यामुळे तो रकाना पुढच्या वर्षीवर ढकलण्यात आला.

मेंग साहेबांनी वेळ दवडला नाही. संचालकपदाची वाट या गुणपत्रकातून जातेय हे त्यांनी ओळखलं आणि बाजारात भाजी निवडावी तशी माणसं निवडली. पहिली बोराम. वय चौतीस, स्त्री, डावखुरी, वर शाकाहारी; एका पगारात बत्तीस गुण. दुसरा शेरझोद, समरकंदचा, सोलमध्येच शिकलेला. परदेशी म्हणून वीस, आणि तो दारू पीत नसणार असं धरून आणखी दहा. तो पितो हे नंतर कळलं. तेव्हा त्याचे गुण कमी करण्यापेक्षा त्यानंच पिणं कमी करावं, असं ठरलं.

तिसरे योम काका. हे एकसष्ट वर्षांचे, निवृत्त होऊन पुन्हा कामावर घेतलेले. एके काळी ते मेंग साहेबांचे साहेब होते, आता मेंग साहेब त्यांचे. त्यामुळे वयानं कोण मोठं आणि हुद्द्यानं कोण मोठं हा पेच रोज लिफ्टच्या दारात पडायचा. "आधी तुम्ही", "छे छे, आधी आपण" करत दोघे एकमेकांना वाकून नमस्कार करत राहत, आणि लिफ्ट रिकामीच वर निघून जाई.

गट झाला. कंपनीत सर्वाधिक गुण मिळवणारा गट म्हणून भिंतीवर फोटो लागला. आता फक्त मतभेद व्हायचे होते. तत्त्व असं होतं की नाना तऱ्हेची माणसं एकत्र आली की त्यांची मतं एकमेकांवर आपटतात, आणि त्या आपटण्यातून ठिणगी पडते.

पहिल्या बैठकीत मेंग साहेब म्हणाले, "मोकळेपणानं बोला. मला हो ला हो नको आहे."

तिघांनीही हो म्हटलं.

मग मेंग साहेबांनी उदाहरणादाखल स्वतःचं मत सांगितलं. आपल्या सोया-लसणात लसूण थोडा वाढवावा, असं त्यांना वाटत होतं. बोराम म्हणाली, लसूण म्हणजे आपला प्राण. शेरझोद म्हणाला, समरकंदमध्येसुद्धा लसणाला पर्याय नाही. योम काका म्हणाले, मी हेच म्हणणार होतो, साहेब माझ्या तोंडातून शब्द काढून घेतात. चार खंडी विविधता त्या टेबलाभोवती बसली होती आणि चौघांच्या माना एका लयीत हलत होत्या. नंदीबैलाला दोन शिंगं असतात, एवढाच काय तो फरक.

पुढे दुपारचं जेवण. ऑफिसच्या खाली चिनी पद्धतीच्या शेवयांचं दुकान आहे. मेंग साहेब बसल्या बसल्या म्हणाले, "मी जाजांगम्योन घेतो. तुम्ही अगदी हवं ते मागवा." जाजांगम्योन म्हणजे काळ्या दाट रश्शातल्या शेवया, त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे. तिघांनीही जाजांगम्योन मागवलं. बोराम तुकडे वेचून हळूच योम काकांच्या वाडग्यात सरकवायची, योम काका ते शेरझोदच्या वाडग्यात, आणि शेरझोद अंगावर आलेलं काम म्हणून संपवायचा.

खरी गंमत अशी की, मेंग साहेबांना स्वतःला जाजांगम्योन कधीच आवडलेलं नव्हतं. त्यांना आवडायचं जाम्पोंग, लाल, झणझणीत, नाकातून पाणी काढणारं. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांचे त्या वेळचे साहेब म्हणाले होते, मी जाजांगम्योन घेतो, तुम्ही हवं ते मागवा. (ते साहेब म्हणजे योम काका. योम काकांनाही ते आवडत नव्हतं. त्यांचे साहेब ते खात.) अशा रीतीनं कोणालाच न आवडणारा एक पदार्थ त्या कंपनीत पिढ्यान्‌पिढ्या सन्मानानं खाल्ला जात होता.

तीन महिने गेले. नवचव विभागातून तीन नव्या चवी निघाल्या: थोडा जास्त लसूण, बराच जास्त लसूण, आणि लसूण (पारंपरिक). समोरच्या कंपनीनं तेवढ्या काळात अकरा आणल्या. बान बाई चिंतेत पडल्या. एवढी उत्तम माणसं निवडली, ठिणगी पडत का नाही? त्यांनी एका सल्लागाराला बोलावलं. त्यानं सांगितलं की मनातला मतभेद मोजता येत नाही, पण ताटातला येतो, आणि जो माणूस जेवण स्वतःचं मागवतो तोच मत स्वतःचं मांडतो. बान बाईंनी ताबडतोब 'भोजन-विविधता निर्देशांक' सुरू केला. टेबलावरचे सगळे पदार्थ वेगळे तर शंभर, सगळे एक तर शून्य. पहिल्याच दिवशी कंपनीतले सगळे विभाग शून्यावर आले. निदान त्या बाबतीत परिपत्रकातली एकसारखी विविधता साधली होती.

मेंग साहेब गडबडले. डिसेंबर जवळ येत होता. त्यांनी मतभेदाचं वेळापत्रकच करून टाकलं. सोमवारी शेरझोदनं असहमत व्हायचं, मंगळवारी बोरामनं, बुधवारी योम काकांनी. गुरुवारी असहमती ऐच्छिक. असहमतीचा मसुदा दोन दिवस आधी मेंग साहेबांना दाखवायचा, म्हणजे त्यांना तो सुधारून देता येईल. या पद्धतीनं झालेला पहिला मतभेद फारच देखणा होता. शेरझोद उभा राहून म्हणाला, "साहेबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मात्र माझ्या मते ते त्याहून जास्त बरोबर असू शकेल." मेंग साहेबांनी खुल्या दिलानं त्याचं म्हणणं मान्य केलं. जेवणाचंही तसंच. ज्याची पाळी त्यानं वेगळं मागवायचं, आणि ते काय असावं हे साहेबांनी सुचवायचं. निर्देशांक शून्यावरून पंचवीसवर गेला. घरी बायकोला त्यांनी सांगितलं की आपला गट आता अगदी माझ्या मनासारखा असहमत व्हायला लागलाय.

त्यांची बायको जोंग-नान. ती म्हणाली, "तुमच्या तोंडावर कोण बोलणार हो? मी तरी कुठे बोलते?"

मेंग साहेबांना हे लागलं, पण त्या दिवशी गुरुवार होता, म्हणून त्यांनी ते ऐच्छिक धरलं.

नोव्हेंबरच्या अखेरीस वार्षिक आरोग्य तपासणी येते. ती चुकवली तर कंपनीला दंड होतो, म्हणून सगळे वर्षाच्या शेवटी धावतात. मेंग साहेब रिकाम्या पोटी, कागदी झगा घालून, पोटात नळी घालून घ्यायला दवाखान्यात गेले. एरवी ते ही तपासणी सुट्टीच्या दिवशी उरकत; नोकरीत आल्यापासून कामाच्या दिवशी दुपारी ते खुर्चीवर नाहीत असं कधी झालं नव्हतं. जाताना त्यांनी गटाला बजावलं होतं की मी नाही म्हणून काम थांबवू नका.

दुसऱ्या दिवशी ते आले तर बान बाई दारातच उभ्या. चेहरा असा फुललेला, जणू घरात पाळणा हललाय.

"मेंग साहेब, काल तुमच्या लोकांत भांडण झालं."

"भांडण? माझ्या गटात?"

"मारामारी व्हायची बाकी होती. खालच्या मजल्यावरून तक्रार आली म्हणून मी सोडवायला धावले. आणि जाऊन बघते तर काय, टेबलावर तीन वेगवेगळी जेवणं! शंभर, मेंग साहेब. कंपनीतले पहिले शंभर. मग मी सोडवलं नाही. खुर्ची घेऊन बसले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सुरुवात जेवणावरून झाली. मागवायची वेळ आली आणि तिघंही एकमेकांकडे बघत बसले, कारण आधी सांगणारं कोणी नव्हतं. शेवटी भुकेनं शरम सोडली. ज्यानं त्यानं आपल्याला हवं ते मागवलं, आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. शेरझोद म्हणाला, तुमची कोंबडी गोड असते, कोंबडी काय मिठाई आहे? आमच्याकडे भाजलेल्या मांसावर आंबट कांदा आणि जिरं घालतात, माणूस बोटं चाटत बसतो. योम काका उसळले. आमच्या तरुणपणी बाजारात अख्खी कोंबडी कागदी पिशवीत मिळायची, नुसतं मीठ, वरून काही नाही. ही सगळी सॉसं म्हणजे शिळं तेल झाकायची थेरं आहेत. बोराम दोघांवर ओरडली. कोंबडी कोणाला खायचीय? लोक वरच्या कुरकुरीत आवरणासाठी येतात. भाताच्या हंडीच्या तळाशी लागलेली खरपूस खरवड असते ना, तिचा चुरा लावून तळा, मग बघा. ती खाणार नव्हती, पण तिला कळत होतं. तिघं भांडत भांडत चाचणीच्या स्वयंपाकघरात शिरले आणि एकमेकांना खोटं पाडायच्या ईर्षेनं चार वाजेपर्यंत तळत राहिले. शेवटी मीठ लावलेली कोंबडी, वर भाताच्या खरवडीचं कवच, त्यावर व्हिनेगरात बुडवलेला कांदा आणि जिरं, असं काहीतरी निघालं. ते कुणाचंच नव्हतं, म्हणून तिघांनाही पटलं.

"तुमच्यासाठी ठेवलंय," बान बाई म्हणाल्या.

मेंग साहेबांनी फ्रिज उघडला. थंडगार तुकडा तोंडात टाकला. कालची कोंबडी, थंड, तरीही कडकडीत वाजली. त्यांना मळमळलं नाही. कितीतरी वर्षांनी एखादा तुकडा खाऊन दुसऱ्याकडे हात गेला. पण हे सगळं त्यांच्या पाठीमागे झालं होतं. शेरझोदला गोड आवडत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. बोराम ओरडू शकते हेही माहीत नव्हतं. एवढे महिने समोर बसून या लोकांनी आपल्याला एक खरा शब्द सांगितला नाही, याचं त्यांना वाईट वाटलं, अगदी लहान मुलासारखं वाईट वाटलं. योम काकांना तर त्यांनी विचारलंच, तुम्ही तरी बोलायचं. योम काका म्हणाले, "मी साहेब होतो तेव्हा तू कधी बोललास?"

अध्यक्षांपुढे चव दाखवायचा दिवस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होता. चवीला नाव द्यायचं ठरलं तेव्हा मेंग साहेब खोलीत होते, त्यामुळे नाव ताबडतोब आणि सर्वानुमते 'एकमत चिकन' ठरलं.

क्वाक साहेबांनी पहिला तुकडा खाल्ला. खोलीतल्या सर्व अधिकाऱ्यांनी हातात तुकडे धरून वाट पाहिली. क्वाक साहेबांनी दुसरा घेतला, तेव्हा सगळ्यांना तो फार आवडला. मग बान बाईंनी तक्ता लावला. सुरुवातीला जमिनीला चिकटलेली रेघ, मधे थोडा उंचवटा, आणि एकाच दिवशी देवळाच्या कळसासारखा शंभरचा सुळका.

क्वाक साहेबांनी विचारलं, "त्या दिवशी वेगळं काय होतं?"

बोराम चपलांकडे बघत होती. शेरझोद म्हणाला, काही वेगळं नव्हतं, साहेब. योम काका म्हणाले, नेहमीसारखंच. ही माणसं निष्ठावान होती. एवढं सांभाळून घेतलं होतं त्यांनी, की मेंग साहेबांनी नुसतं गप्प बसायचं होतं. तो सुळका, ती चव, संचालकांच्या यादीतलं नाव, सगळं पदरात पडलं असतं. मेंग साहेबांनाही ते कळत होतं. पण त्यांच्या तोंडात अजून त्या कोंबडीची चव होती. ती आपली नव्हे, आणि ती आपली आहे म्हणायची आपल्याला लाज वाटतेय, हे त्यांच्या लक्षात आलं. आयुष्यात पहिल्यांदा ते वेळापत्रकात नसलेल्या दिवशी असहमत झाले.

"वेगळं होतं, अध्यक्षसाहेब," ते म्हणाले. "त्या दिवशी मी नव्हतो."

क्वाक साहेब उठले. त्यांनी मेंग साहेबांचा हात हातात घेतला. असं खरं बोलणारा माणूस कंपनीत आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं म्हणताना त्यांचे डोळे पाणावले. त्या दिवशी मेंग साहेब घरी जाताना जोंग-नानसाठी महागडी नाशपती घेऊन गेले. यादी आता आपलीच, असं त्यांनी तिला सांगितलं.

यादी लागली. तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. नाव दुसऱ्या कागदावर होतं. 'श्री. मेंग दु-सिक यांच्या गैरहजेरीने कंपनीच्या नवनिर्मितीस दिलेले योगदान अमूल्य आहे. हे योगदान एका दिवसापुरते मर्यादित न राहता कंपनीस कायमस्वरूपी लाभावे, या हेतूने त्यांना सन्मानपूर्वक निवृत्त करण्यात येत आहे.' यात काही चूक काढता येत नव्हती. तक्ता स्वच्छ होता. मेंग साहेबांनीच तर तो समजावून सांगितला होता.

आता ज्याला सगळं ठाऊक आहे असा माणूस तरी वेगळं काही करेल, असं आपल्याला वाटतं. मेंग साहेबांनी महिनाभर विचार केला. डोंगर चढून आले, उतरून आले. मग एका संध्याकाळी त्यांनी आपलीच पुस्तिका हातात घेतली, नुसतं बघू म्हणून. ती खरोखरच फार छान लिहिलेली होती. तीन वर्षांचा उल्लेख त्यांनी आतबाहेर शोधला. कुठेच नव्हता. त्यांना धीर आला.

मार्चमध्ये बोरीबात चिकनचं दुकान उघडलं, बसथांब्याच्या वाटेवर, अठरावं. जोंग-नानच्या नावावरची ठेवही त्यात गेली. दारात कंपनीचा फुलांचा गुच्छ उभा राहिला. पहिल्या संध्याकाळी जुना विभाग येणार असा निरोप होता, म्हणून मेंग साहेबांनी बारा कोंबड्या मसाला लावून तयार ठेवल्या आणि तेल तापवलं. एकमत चिकनवर त्यांची सगळी भिस्त होती.

विभाग आला, आणि केवढा आला. यशानंतर गट वाढवण्यात आला होता. एक मंगोलियन मुलगी, एक माजी पहिलवान, जुळ्या भावांपैकी एक (दुसरा घेतला असता तर गुण कापले असते), योम काका, शेरझोद, आणि सोबत नोंदी ठेवायला बान बाई. सगळ्यांच्या पुढे बोराम. जुन्या तिघांत सर्वांत जास्त गुण तिचे म्हणून ती आता विभागप्रमुख झाली होती. असेच आणखी पाच गुणवान धरून एकूण बाराजण. दुकान गच्च भरलं. काचेबाहेरून जाणारे लोक थांबून बघायला लागले. जोंग-नाननं एप्रनला हात पुसून नवऱ्याकडे बघितलं आणि ती हसली, अगदी पुस्तिकेत दिलंय तशी.

मेंग साहेब वही घेऊन टेबलाशी गेले, वाकले, आणि म्हणाले, "काय आणू?"

बोराम मनानं चांगली. मेंग साहेबांचं झालं ते आपलं होऊ नये, आपल्या माणसांनी आपल्यापुढे मोकळं असावं, असं तिनं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. ती गटाकडे वळून म्हणाली, "हे बघा, मी कोंबडी खात नाही, म्हणून मी नुसता मुळा घेते. पण तुम्ही अगदी हवं ते मागवा. माझ्याकडे बघू नका."

मुळा म्हणजे व्हिनेगरात मुरलेले मुळ्याचे पांढरे चौकोनी तुकडे. चिकनबरोबर ते फुकट मिळतात, हवे तितके.

योम काका म्हणाले, माझ्या वयाला मुळाच बरा. पहिलवान म्हणाला, मी हल्ली रात्री हलकंच घेतो. मंगोलियन मुलगी म्हणाली, मुळा. जुळ्यातला एक म्हणाला, मुळा. टेबलाच्या टोकाला शेरझोद होता. हा एका बैठकीत अख्खी कोंबडी संपवतो हे मेंग साहेबांनी डोळ्यांनी पाहिलेलं. ते त्याच्यापुढे जरा जास्तच वेळ उभे राहिले.

शेरझोदनं बोरामकडे बघितलं, मग तेलाच्या कढईकडे, मग वहीकडे. "साहेब," तो हळूच म्हणाला, "इथला मुळा फार छान असतो म्हणतात."

आत जोंग-नाननं विचारलं, "काय सांगितलं त्यांनी?"

"मुळा."

"सगळ्यांनी?"

"एकमतानं."

तेल तापलेलं होतं. तिनं गॅस बारीक केला आणि मुळ्याच्या वाट्या भरायला घेतल्या. बाहेर बान बाईंनी टेबलावर नजर फिरवून शून्य मांडलं. मग जाताना, कुणाचं लक्ष नाही असं बघून, त्यांनी गल्ल्याजवळची पुस्तिका उचलून पर्समध्ये टाकली, आणि पुढे चाललेल्या बोरामच्या पाठीकडे एकदा निरखून पाहिलं.

सगळे गेल्यावर दोघांना भूक लागली. कोंबडीकडे बघवत नव्हतं. जोंग-नान फोन उचलून म्हणाली, शेवया मागवते, तुम्हाला काय? मेंग साहेबांच्या जिभेवर जाम्पोंग आलं होतं, लाल, झणझणीत, अगदी ओठांपर्यंत आलं होतं. त्यांनी विचारलं, "तू काय घेतेस?"

"जाजांगम्योन."

"मग मलाही तेच," मेंग साहेब म्हणाले.

या हकिगतीवरून कोरियन लोकांविषयी काही मत बनवण्याची घाई करू नये. आपल्याकडे असलं काही नसतं, हे सर्वमान्य आहे. आपण पडलो स्पष्टवक्ते. तोंडावर सांगू, मग कोणी का असेना. फक्त एक लहानशी नोंद राहिली. तुमच्या साहेबांना मधुमेह निघाल्यापासून तुमचं अख्खं ऑफिस बिनसाखरेचा चहा पितंय. त्यातला तुमचा कप कोणता, तेवढं बान बाईंना कळवा.